गटिंगेनहून ब्रोकेनपर्यंत

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाचें पत्र घरीं आलें म्हणजे वडीलमंडळी त्यांत प्रथम परीक्षेचा आणि खर्चाचा मजकूर शोधतात, आई प्रकृतीचा आणि जेवणाचा शोधते, आणि धाकटीं भावंडें मात्र शनिवार-रविवार गांठून मित्रमंडळी कोठें भटकून आली, तेवढाच भाग पुन्हां पुन्हां वाचतात. याच भागावरून पुढें वडिलांच्या मनांत शंका उत्पन्न होते कीं, इतका पैसा खर्चून मुलगा पाठविला तो शिकावयास कीं हिंडावयास? ही शंका आम्हांस पुष्कळ पालकांनीं बोलून दाखविली आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां इतिहासांतील एखादें उदाहरण नीट तपासून द्यावें, हें आमच्या पेशास अधिक शोभण्यासारखें असल्यामुळें आम्ही येथें एका सहलीची हकीकत सांगणार आहों.

विद्यार्थी आणि प्रवास यांचें नातें युरोपांत विद्यापीठांइतकेंच जुनें आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास, इ. स. ११५५ च्या सुमारास, सम्राट् फ्रेडरिक बार्बारोसा यानें विद्येसाठीं परमुलखांत हिंडणाऱ्या लोकांना संरक्षण देणारें फर्मान काढलें. वाटेंत त्यांना कोणी उपद्रव देऊं नये, आणि त्यांच्या देशबांधवानें केलेल्या कर्जासाठीं त्यांना कोणी अडवूं नये, असा त्याचा मुख्य आशय होता. म्हणजे ज्या काळीं विद्यापीठ या संस्थेस अजून नीटसा आकारहि आला नव्हता, त्या काळीं विद्यार्थ्याची वाट सुरक्षित राखणें हें राजाला आपलें कर्तव्य वाटलें होतें. पण वाटेवरून विद्यापीठाकडे जाणें ही एक गोष्ट, आणि विद्यापीठांतून चार दिवस वाट धरून बाहेर पडणें ही दुसरी. आमचा विषय ही दुसरी गोष्ट होय.

आमची हकीकत इ. स. १७९९ मधील आहे, आणि तिचें स्थळ जर्मनींतील गटिंगेन हें होय. इंग्रज तरुणांनीं या गांवीं कां जावें, याला राजकीय कारण होतें. इंग्लंडांतील सुखवस्तु घराण्यांतील मुलगा पूर्वीं फ्रान्स आणि इटली पाहून आपलें शिक्षण पुरें करीत असे. १७९३ मध्यें फ्रान्स आणि इंग्लंड यांचें युद्ध जुंपलें आणि हा रस्ता बंद झाला. उलटपक्षीं प्रशियानें १७९५ मध्यें बाझेल येथें फ्रान्सशीं तह केल्यामुळें उत्तर जर्मनी लढाईच्या बाहेर राहिली. त्यांतून गटिंगेन हें हॅनोव्हरच्या राज्यांतलें. आणि हॅनोव्हरचा अधिपति म्हणजे इंग्लंडचाच राजा. तेथील विद्यापीठ दुसऱ्या जॉर्जनें स्थापिलें असून त्याचें उद्घाटन १७३७ मध्यें झालें होतें. साठ वर्षांच्या आंत त्याच्या ग्रंथालयाची कीर्ति सर्व युरोपांत पसरली होती. राजा आपला, मुलूख शांत, आणि ग्रंथसंग्रह अद्वितीय. तेव्हां विद्येची हौस असलेल्या इंग्रजानें तेथें जावें यांत नवल तें काय?

सॅम्युएल टेलर कोलरिज हा असाच तेथें आला. १६ सप्टेंबर १७९८ रोजीं यार्मथ बंदरांतून तो निघाला, तेव्हां त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. बरोबर कविमित्र वर्ड्स्वर्थ, त्याची बहीण डॉरथी, आणि जॉन चेस्टर नांवाचा एक शेजारी. प्रवासाचा खर्च वेजवूड बंधूंनीं दिलेल्या १५० पौंडांच्या वर्षासनांतून व्हावयाचा होता. हे वेजवूड म्हणजे प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्याचे धनी. या वर्षासनास त्यांनीं कसलीहि अट घातली नव्हती. परंतु अट नसलेलें दान हेंच विवेकी माणसास अधिक जड वाटतें, आणि कोलरिजच्या त्या वेळच्या पत्रांत आपण पैशाचें चीज करीत आहों हें दाखविण्याची जी धडपड दिसते तिचें मूळ येथें आहे.

जर्मनींत पोंचल्यावर दोघां कवींचे मार्ग निराळे झाले. वर्ड्स्वर्थ आणि डॉरथी हीं हार्झ पर्वताच्या पायथ्याशीं गोस्लार येथें जाऊन राहिलीं. तो हिंवाळा असाधारण कडाक्याचा होता. ओळखीचे लोक नाहींत, पुस्तकें नाहींत, भाषेचा सराव होईल असा सहवास नाहीं; अशा एकांतांत वर्ड्स्वर्थनें आपल्या आत्मचरित्रात्मक महाकाव्याचा आरंभ केला. काव्याच्या दृष्टीनें तो हिंवाळा सोन्याचा ठरला. जर्मन शिकण्याच्या दृष्टीनें मात्र फुकट गेला. कोलरिजनें उलट मार्ग धरला. त्यानें रॅट्सेबुर्ग येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं राहून चार महिने भाषा घोटली आणि १७९९ च्या फेब्रुवारींत तो गटिंगेनला आला. तेथें ब्लूमेनबाख या विख्यात शास्त्रज्ञाचीं शरीरशास्त्रावरील व सृष्टिशास्त्रावरील व्याख्यानें तो नेमानें ऐकूं लागला. आइकहॉर्न या पंडिताचीं बायबलावरील व्याख्यानें त्यानें एका विद्यार्थ्याच्या टिपणांवरून अभ्यासिलीं. लेसिंगचें चरित्र लिहावयाचें म्हणून ग्रंथालयांत बसून साधनें जमविण्याचा क्रमहि चालू होता.

याच सुमारास घरीं एक दुःखाची गोष्ट घडली. कोलरिजचा दुसरा मुलगा बर्कली हा १७९८ च्या मे महिन्यांत जन्मला होता; बाप परदेशीं निघाला तेव्हां तो चार महिन्यांचाच होता. १० फेब्रुवारी १७९९ रोजीं हें मूल वारलें. कोलरिजचा जिवलग स्नेही थॉमस पूल यानें त्याच्या पत्नीस, सॅराला, आग्रहानें सांगितलें कीं, ही बातमी एवढ्यांत त्याला कळवूं नये. त्याच्या अभ्यासाचा विरस होईल. त्यामुळें बापाला मुलाचा मृत्यु कळला तो एप्रिलच्या आरंभीं, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनीं. त्यानंतर तरी तो ताबडतोब परत फिरला काय? नाहीं. त्या महिन्यांत वर्ड्स्वर्थ बहीणभाऊ परतीच्या वाटेवर गटिंगेनला येऊन त्याला भेटून गेलीं. तरीहि तो राहिला. आणि पुढच्याच महिन्यांत मित्रमंडळींसह डोंगर चढावयास निघाला.

पालकांच्या मनांतील शंकेस याहून बळकट उदाहरण सांपडणें कठीण. पैसा दुसऱ्याचा, घरीं बायको दुःखांत, अंगावर घेतलेला ग्रंथ अपुरा, आणि हा गृहस्थ सहलीस जातो! म्हणूनच आम्ही मुद्दाम हें उदाहरण निवडलें आहे. सोपीं उदाहरणें घेऊन सिद्धांत मांडण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं.

शनिवार, ११ मे १७९९ रोजीं ही मंडळी निघाली. दुसऱ्या दिवशीं ख्रिस्ती लोकांचा पेंटेकॉस्ट, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनीं येणारा सण होता, आणि त्या सुट्टीचा फायदा घेण्याचा बेत होता. कोलरिज आणि चेस्टर यांखेरीज बाथ येथील एका डॉक्टरचे पॅरी नांवाचे दोन मुलगे, क्लेमेंट कार्लियन हा वैद्यकाचा विद्यार्थी, जॉर्ज ग्रीनो हा कायद्याचा विद्यार्थी, आणि खुद्द प्रोफेसर ब्लूमेनबाख यांचा मुलगा, एवढी मंडळी होती. म्हणजे एक कवि, एक शेतकरी घराण्यांतील गृहस्थ, वैद्यक शिकणारे, कायदा शिकणारा आणि यजमान देशांतला एक तरुण, असा हा मेळा. सर्वांनीं पायीं जावयाचें होतें. गटिंगेनपासून ब्रोकेनचें शिखर सरळ रेषेनें साठ किलोमीटरांच्या आंतच आहे. पण या मंडळींची वाट सरळ नव्हतीच.

कोलरिजनें पत्नीस लिहिलेल्या पत्रांतून या सहलीचें वर्णन उपलब्ध आहे, आणि पुढें १८२९ मध्यें त्यांतला भाग छापूनहि आला. पहिल्याच दिवशीं गीबोल्डेहाउझेन नांवाचें खेडें लागलें. येथें पुलावर हातीं मोठा क्रूस घेतलेली, शिरीं धर्माध्यक्षाचा मुकुट असलेली एक मूर्ति उभी होती. गांव लांबट आणि कुरूप. परंतु सणाची पूर्वसंध्या असल्यामुळें सारें गांव प्रार्थनेचीं पुस्तकें आणि जपमाळा घेऊन देवळाकडे लोटलें होतें, आणि तान्ह्या मुलांच्याहि छातीवर पोंवळ्याचे क्रूस लोंबत होते. हॅनोव्हरच्या प्रॉटेस्टंट मुलखांतून निघालेल्या माणसाला चार तासांच्या चालीवर हा कॅथलिक देखावा कां दिसावा? याचें कारण असें कीं, हा टापू माइन्त्सच्या आर्चबिशपच्या अमलाखालीं होता. पुढें आठवडाभरांत या मंडळींनीं हॅनोव्हर, माइन्त्स, वेर्निगेरोडे, ब्रुन्सविक अशा निरनिराळ्या धन्यांच्या मुलखांतून पाय घासले. त्या काळची जर्मनी म्हणजे शेंकडों संस्थानांची गोधडी होती, हें वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतों. या विद्यार्थ्यांना तें पायांनीं कळलें.

खेड्यांतून वाटाड्या घेऊन टेंकडी चढतांच समोर अरण्य उभें राहिलें. उत्तरेकडील वसंत फार उशिरां येतो आणि एकदम येतो. कालपर्यंत काळीं दिसणारीं झाडें आज जादू केल्याप्रमाणें हिरवीं होतात. कोलरिजला तें हिरवेपण पाहून अक्षरशः चकित व्हावयास झालें. त्यानंतरच्या दिवसांत शार्त्सफेल्डजवळची गुहा, रूबेलांडची बाउमानची गुहा, खाणी, ओढे, गुरांच्या गळ्यांतील घंटांचे नाद, असें पाहत-ऐकत मंडळी हिंडली. ब्रोकेनच्या माथ्यावर चेटकिणींचा नाचाचा चौक म्हणून दाखवितात ती प्रचंड दगडांनीं वेढलेली जागा त्यांनीं पाहिली, आणि डोंगरावरील घरांत जेवण करून तीं खालीं उतरलीं.

ब्रोकेन हा ११४१ मीटर उंचीचा डोंगर. आपल्या सह्याद्रीच्या मानानें तो कांहीं फार उंच नव्हे. कळसूबाई त्याहून पांचशें मीटरांनीं उंच आहे. परंतु उत्तर जर्मनीच्या सपाट मुलखांत तो एकटाच डोकें वर काढून उभा असल्यामुळें त्याच्याभोंवतीं दंतकथांचें धुकें जमलेलें आहे. मे महिन्याच्या पहिल्या रात्रीं तेथें चेटकिणींची जत्रा भरते ही समजूत गटेनें आपल्या ‘फाउस्ट’ नाटकांत अजरामर केली. गटे स्वतः १० डिसेंबर १७७७ रोजीं, ऐन बर्फांत, हा डोंगर चढला होता. शिवाय तेथें एक खरेंखुरें आश्चर्य दिसतें. सूर्य पाठीशीं खालीं असून समोर धुकें असलें म्हणजे पाहणाऱ्याचीच सांवली धुक्यावर राक्षसी आकाराची पडते आणि तिच्या मस्तकाभोंवतीं रंगीत वलय उमटतें. योहान झिल्बरश्लाग यानें १७८० मध्यें त्याचें वर्णन केलें, तेव्हांपासून ‘ब्रोकेनचें भूत’ हें नांव रूढ झालें. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावरून पावसाळ्यांत दिसणारें इंद्रवज्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना या भुताची ओळख करून देण्याची गरज नाहीं. कोलरिजला तें पाहण्याची फार उत्कंठा होती. पण तें त्याला दिसलें नाहीं. जूनमध्यें गटिंगेन सोडतांना तो याच मित्रांबरोबर पुन्हां ब्रोकेनवर गेला, तेव्हांहि दिसलें नाहीं. पुढें मात्र एका कवितेंत, माणूस आपल्याच सांवलीला देवता समजून तिच्या मागें लागतो, या विचारासाठीं त्यानें हीच प्रतिमा वापरली. न दिसलेली वस्तुहि मनांत कशी रुजते याचें हें उदाहरण आहे.

या सहलीचें खरें काम मात्र पाहण्यापेक्षां बोलण्याचें होतें. कार्लियननें पुढें म्हातारपणीं आपल्या आठवणी छापल्या. त्यांत ब्रोकेन चढतांना ‘भव्यता’ म्हणजे काय, यावर झालेल्या वादाची हकीकत आहे. प्रत्येकानें आपापली व्याख्या मांडली. कोलरिजचें म्हणणें असें होतें कीं, तुलना करण्याची शक्ति जेथें थांबते तेथें भव्यतेचा प्रत्यय येतो. कोणत्याहि वर्गांत, फळ्यासमोर, ही व्याख्या सांगितली असती तर विद्यार्थ्यांनीं ती टिपून घेतली असती आणि परीक्षेनंतर विसरले असते. चढणीवर दम घेत ऐकलेली ही व्याख्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुढें कित्येक वर्षें आठवली. वैद्य, वकील आणि कवि यांना एका बाकावर बसवून एकच विषय ऐकविण्याची सोय कोणत्याहि विद्यापीठांत नाहीं. ती सोय पायवाटेवर असते.

खालीं उतरल्यावर एल्बिंगेरोडे येथील खाणावळींत यजमानानें त्यांच्यापुढें पाहुण्यांची वही ठेविली आणि नांवासह कांहीं तरी लिहून देण्याची विनंति केली. कोलरिजनें तेथें जी कविता लिहिली ती त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रांत प्रसिद्ध झाली. ती वाचून वाचकाची अपेक्षा चुकते. ब्रोकेनच्या शिखराची स्तुति तींत नाहीं. शिखरावर उभें राहून आपण दूरवर पसरलेलीं अरण्यें पाहिलीं, पण मन कोठें रमलें नाहीं. ज्या भूमीशीं आपल्या आयुष्याचा धागा गुंतलेला नाहीं ती कितीहि सुंदर असली तरी डोळ्यांपुरतीच राहते. आणि नजर फिरून फिरून पश्चिमेकडे, इंग्लंडकडे गेली, असा तिचा भाव आहे. या सहलीच्या आठवड्यांतच १४ मे हा दिवस येत होता. बर्कली जगला असता तर त्या दिवशीं तो एक वर्षाचा झाला असता. ही तारीख लक्षांत घेऊन ती कविता वाचली म्हणजे तीस निराळाच अर्थ येतो. डोंगर चढणारा माणूस घर विसरून चढत नव्हता. किंबहुना घर किती दूर राहिलें आहे हें त्याला डोंगरावर चढल्यावरच नीट दिसलें.

आतां हिशेब मांडूं या. लेसिंगचें चरित्र कोलरिजनें कधींच लिहिलें नाहीं, आणि तो दोष सहलीच्या माथीं मारतां येणार नाहीं. हातीं घेतलेले ग्रंथ अपुरे टाकणें हा त्याचा आयुष्यभराचा विकार होता. सहलीहून परतल्यावर थोड्याच दिवसांत त्यानें वेजवूडला पत्र लिहून, आपण मुख्यतः तत्त्वज्ञानाचीं अशीं ३० पौंडांचीं पुस्तकें घेत आहों, असें कळविलें. त्या पुस्तकांतून आणि त्या भाषाज्ञानांतून १८०० मध्यें शिलरच्या ‘वालेन्स्टाइन’चें भाषांतर निघालें, आणि जर्मन तत्त्वज्ञानाचा इंग्रजी साहित्यविचारांत जो प्रवेश झाला त्याचा एक मुख्य दरवाजाहि त्यांतूनच उघडला. तेव्हां वर्षासन बुडालें असें म्हणतां येत नाहीं. पण सॅराच्या बाजूनें पाहिलें तर हिशेब इतका सरळ मिटत नाहीं. कोलरिज जुलैअखेर घरीं पोंचला. मूल गमावलेल्या स्त्रीनें तें दुःख साडेपांच महिने नवऱ्यावांचून काढलें, आणि त्यांतले पहिले आठवडे तर त्याला तें कळूं न देण्याची शिकस्त करीत काढले. पूलचा सल्ला हितबुद्धीचा होता; परंतु विद्येच्या नांवाखालीं घरच्यांनीं दुःख गिळावें आणि परदेशांतल्या मुलाला फक्त आनंदाच्या बातम्या कळवाव्या, ही रीत आम्हांस चांगली वाटत नाहीं. ती आपल्याकडेहि आहे. तिनें अभ्यास वांचत नाहीं. फक्त माणूस आणि घर यांमधलें अंतर वाढतें. कोलरिज आणि सॅरा यांच्यामधलें अंतर पुढें कधींच भरून निघालें नाहीं. याचा दोष मे महिन्यांतील एका आठवड्यापेक्षां एप्रिलमध्यें न घेतलेल्या निर्णयाकडे अधिक जातो, असें आमचें मत आहे.

या मेळ्यांतल्या दुसऱ्या एका माणसाचा हिशेब मात्र स्वच्छ आहे. ग्रीनो हा कायदा शिकावयास आला होता. ब्लूमेनबाखच्या व्याख्यानांनीं त्याला सृष्टिशास्त्राची गोडी लाविली, आणि खाणींनीं व खडकांनीं भरलेला हार्झ पर्वत त्याच्या दाराशींच होता. परिणाम असा झाला कीं, १८०७ मध्यें लंडनची भूगर्भशास्त्र-सभा स्थापन झाली तेव्हां तिचा पहिला अध्यक्ष हाच ग्रीनो झाला. आणि १८२० मध्यें त्यानें इंग्लंडचा भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला. त्याचें शेवटचें मोठें काम आपल्या जिव्हाळ्याचें आहे. १८५४ मध्यें त्यानें ब्रिटिश हिंदुस्थानचा भूस्तरदर्शक नकाशा तयार केला, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाचा विस्तार त्यांत रंगवून दाखविला. गटिंगेनच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्यानें सुट्टीमध्यें डोंगर पाहिले नसते, तर हें काम दुसऱ्या कोणी तरी केलें असतें हें खरें; पण त्यानें केलें नसतें.

कोलरिजनंतर पंचवीस वर्षांनीं, १८२४ च्या शरद् ऋतूंत, गटिंगेनमध्येंच कायद्याच्या अभ्यासाला कंटाळलेला हाइन्रिख हायने पाठीवर पिशवी टाकून याच वाटेनें निघाला. त्याचें ‘हार्झचा प्रवास’ हें पुस्तक १८२६ मध्यें निघालें आणि त्यानें हायनेला गद्यलेखक म्हणून कीर्ति मिळवून दिली. ब्रोकेनवरील घरांत भरलेली विद्यार्थ्यांची गर्दी आणि त्यांचें मद्यपान यांचें त्यानें जें वर्णन केलें आहे, त्यावरून तोंपर्यंत ही वाट किती रुळली होती हें दिसतें. पुढच्याच वर्षीं त्यानें कायद्याची पदवीहि घेतली. ती मात्र आज कोणास आठवत नाहीं.

महाराष्ट्राचा आणि गटिंगेनचा संबंध पुढें वेगळ्या दिशेनें जडला. फ्रान्झ कीलहॉर्न हे संस्कृत व्याकरणाचे पंडित १८६६ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होते; तेथें शास्त्र्यांजवळ बसून त्यांनीं व्याकरणाची परंपरा आत्मसात् केली. १८८२ पासून ते गटिंगेनला संस्कृतचे प्राध्यापक झाले. १८८५ मध्यें त्याच विद्यापीठानें रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. ज्या गांवांतून इंग्रज मुलें डोंगर पहावयास निघत होतीं, त्या गांवांत शंभर वर्षांच्या आंत पुण्याची विद्या पोंचली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

एका गोष्टीचा उल्लेख करून हा लेख पुरा करूं. ज्या मुलखांतून कोलरिजची मंडळी चार धन्यांच्या सरहद्दी ओलांडीत बिनधोक गेली, त्याच मुलखांतून दुसऱ्या महायुद्धानंतर दोन जर्मनींची सरहद्द गेली. १९६१ च्या ऑगस्टमध्यें ब्रोकेनचें शिखर लष्करी प्रदेश म्हणून बंद झालें. त्यानंतर अठ्ठावीस वर्षें गटिंगेनच्या विद्यार्थ्यानें सुट्टी काढून निघावें म्हटलें तरी तें शिखर त्याला दुरूनच पाहतां येत असे. ३ डिसेंबर १९८९ रोजीं, बर्लिनची भिंत कोसळल्यावर महिन्याच्या आंत, लोकांचा मोठा जमाव पायीं डोंगर चढून गेला आणि त्यानें दरवाजे उघडावयास लावले. चार मित्रांनीं मनांत येतांच उठून डोंगराकडे जावें ही गोष्ट आपण किरकोळ समजतों. ती बंद झाली म्हणजे किती बंद झालें हें कळतें.

तेव्हां पालकांना आमचें सांगणें एवढेंच. परदेशीं गेलेल्या मुलाच्या पत्रांत सहलीचें वर्णन आलें तर त्यानें किती खर्च केला हें अवश्य विचारावें. पण त्याबरोबरच तो कोणाबरोबर गेला, वाटेंत काय बोलणें झालें, आणि डोंगरावरून त्याला कोणती दिशा दिसली हेंहि विचारावें. आणि घरचें खरें वर्तमान, मग तें कसेंहि असो, त्याला वेळेवर कळवावें.